मागे राहिलेली पात

जव्हारच्या त्या भाड्याच्या बंगल्यावर ‘गुणवत्ता तुलना कक्ष’ अशी पाटी यंदाच लागली होती. उद्घाटनाच्या दिवशी तिला घातलेला झेंडूचा हार वाळून काळा पडला होता, पण तो काढावा असे कोणालाही वाटले नव्हते. आतल्या सभागृहात, म्हणजे बंगल्याच्या पूर्वीच्या जेवणघरात, पडद्यावर एक शिडी दिसत होती. शिडीच्या प्रत्येक पायरीवर एका देशाचा झेंडा होता. कक्षप्रमुख धनेश वैरागकर हातातल्या यंत्राचा लाल ठिपका वरच्या पायऱ्यांवरून हळूहळू खाली आणत होते, आणि समोर बसलेले मुख्याध्यापक तो ठिपका आता आपल्या अंगावर येतो की काय, अशा मुद्रेने पाहत होते.

“पंधरा वर्षांचं पोर. तिथलंही आणि इथलंही. पेपर एकच,” साहेब म्हणाले. “जगाच्या बाजारात आपला माल कुठं उभा आहे, ते कळणार. ही नुसती चाचपणीची फेरी आहे. पण चाचपणीतही नाक कापलं गेलं तर कापलंच ना?”

‘माल’ हा शब्द ऐकून रंजना भोये यांच्या तोंडाला कडू चव आली. खोडाळ्याच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत असलेल्या कोथळपाडा निवासी शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. त्याच मुलखात जन्मल्या, तिथेच चिखल तुडवत वाढल्या, आणि शिकून पुन्हा तिथेच आल्या. त्यांची शाळा या देशोदेशींच्या चाचणीच्या नमुन्यात, म्हणजे मोजक्या निवडक शाळांत, घेतली गेली होती.

खरे सांगायचे तर, चाचणीविषयी रंजनाबाईंच्या मनात अढी नव्हती. नमुन्यादाखल दिलेले प्रश्न त्यांनी घरी नेऊन वाचले होते आणि ते त्यांना आवडलेही होते. औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचून मुलाला किती डोस द्यावा, एकाच नदीविषयी दोन माणसे दोन गोष्टी सांगत असतील तर कोणाचे का मानावे, असे ते प्रश्न होते. पाठांतराने त्यांची उत्तरे येत नव्हती. डोके चालवावे लागत होते. शिवाय एक प्रश्नावली मुख्याध्यापकांसाठी वेगळी होती. तिच्यात विचारले होते : ‘इमारतीतील उणिवांमुळे तुमच्या शाळेतील शिक्षणाला कितपत बाधा येते?’ हा प्रश्न त्या कितीतरी वेळ पाहत बसल्या होत्या. मुलींच्या न्हाणीघरांची पत्र्याची दारे गंजून गळून पडली, त्यानंतर त्यांनी अर्जांवर अर्ज केले. पण बाधा येते का, हे त्यांना आजवर कोणी विचारले नव्हते. विचारले ते कुठल्या दूर देशात बसलेल्या अनोळखी माणसांनी.

मुली अजूनही उजाडण्यापूर्वी उठत. एकीने गोणपाट धरायचे, दुसरीने आंघोळ करायची, मग अदलाबदल. पावसाळ्यात गोणपाट ओले होऊन जड होई आणि धरणारीचे हात भरून येत.

सभा संपल्यावर साहेबांनी त्यांना आत बोलावले.

“या, भोयेबाई. पेढा घ्या. तुमची शाळा नमुन्यात आली, हे तुमचं नशीब म्हणायचं का माझं?” ते स्वतःच हसले. “बरं, नववीतली किती पोरं धड वाचतात?”

“सगळी वाचतात. काही सावकाश वाचतात.”

“सावकाश!” साहेबांनी पेढ्याचा तुकडा तोंडात टाकला. “घड्याळ लावून होणाऱ्या परीक्षेत सावकाश म्हणजे काय, ते मला नका शिकवू. हे बघा, घाबरू नका. नियमातच सोय आहे. ज्यांची बुद्धी कमी, त्यांना चाचणीतून वगळता येतं. सगळे देश वगळतात.”

“त्याला तपासणी लागेल ना, साहेब? डॉक्टर, दाखला...”

“मुख्याध्यापकाचं मत पुरतं. तुमचं मत! किती मान आहे बघा तुमच्या शब्दाला. पालकांचा अंगठा तेवढा घ्या. नियमात नाही तो, पण माझ्या समाधानासाठी. उद्या बोंब नको.”

“म्हणजे माझ्या धडधाकट पोरांना मी मतिमंद लिहू?”

“लिहायला कोण सांगतंय?” साहेब दुखावल्यासारखे म्हणाले. “खूण करा.”

रंजनाबाईंनी विचारले, “ही खूण पुढं पोरांच्या नोंदीतून निघते का?”

“निघायची गरजच काय? ती राही का कोण तुमच्याकडची, एक ओळ वाचायला पाव तास घेते म्हणतात. ती दहावीनंतर काय विमान चालवणार आहे? लग्न होईल, पोरं होतील. तिच्या नवऱ्याला दिसणार आहे का खूण?” त्यांनी बोटांना लागलेला खवा जिभेने पुसला आणि त्याच ओल्या बोटाने टेबलावरची एक फाईल पुढे ओढली. “आणि ही बघा तुमची न्हाणीघरांची दारं. दुसऱ्या टेबलावर पडली होती, मी मागवून घेतली. तुमचं काम झालं की आठवड्यात दारं.”

फाईलच्या कव्हरवर ते ओले बोट उमटले होते. रंजनाबाईंना शिसारी आली. पण समोर ठेवलेले खुणांचे कागद त्यांनी उचलून पिशवीत घातले, आणि त्याची शिसारी त्यांना त्याहूनही अधिक आली.

परतीच्या एसटीत ती पिशवी त्यांनी मांडीवर घेतली नाही, पायाशी ठेवली. पिशवीत सुकट बांधून नेताना आपल्याच नाकाला जशी ती सारखी जाणवत राहते, तसे ते कागद जाणवत होते. मन मात्र हिशेबाला लागले होते. दोन-चार पोरांच्या नावापुढे पेनाची एक खूण. बदल्यात सगळ्या मुलींना आडोसा. कोणते पाप लहान? मोखाड्याची वळणे गेली, खोडाळ्याचा बाजार आला, तरी हिशेब जुळला नव्हता.

शाळेच्या ओसरीवर गणिताचे जगन दिघा सर चप्पलेचा चिखल काढत बसले होते. सगळे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “बाई, दारं पदरात पाडून घ्या. खूण काय, शाईची असते. पोरींची अब्रू शाईपेक्षा मोठी.”

“तुमच्या मुलीच्या नावापुढं कराल अशी खूण?”

“माझी मुलगी नाशिकला शिकते. तिला कोण...” ते पुन्हा चप्पल खरवडू लागले, आणि चिखल निघून गेल्यावरही खरवडत राहिले.

पुढच्या रविवारी रंजनाबाई कागद घेऊन राहीच्या पाड्यावर गेल्या. आवणाचे, भातलावणीचे दिवस होते. शाळेची बरीच पोरे लावणीसाठी घरी आली होती. राहीची आई सुकरी खाचरात वाकलेली होती, आणि तिच्या एका अंगाला राही. बाकी बायाही ओळीने होत्या. जिच्या तिच्या समोर जिची तिची पात, म्हणजे बांधापासून बांधापर्यंत लावत न्यायचा पट्टा.

“काय कं बाय, वाट चुकलीस?” सुकरी न उठताच ओरडली. “का पोरगीनं काय केलं?”

“काही केलं नाही गं. जरा बोलायचं होतं.”

“बोलशील मंग. बांधावर कावळ्यावानी नको बसू. पाय भिजव. का मास्तरीण झालीस तं हात इसरलीस?”

बाया खिदळल्या. रंजनाबाईंनी चप्पल काढली, लुगड्यासारखा साडीचा काचा मारला आणि रोपांची जुडी घेऊन एका मोकळ्या पातीत उतरल्या. सुरुवातीला हात चालला. मग कंबर धरली. बाकीच्या बाया पुढे सरकत गेल्या आणि रंजनाबाईंची पात फाटलेल्या पदरासारखी मागे लोंबत राहिली. सर्वांत आधी बांध गाठला तो राहीने. पण ती बांधावर चढली नाही. मागे वळली आणि काही न बोलता रंजनाबाईंच्या पातीत समोरून शिरली. पाठोपाठ आणखी दोघी शिरल्या. चहूबाजूंनी रोपे पडत गेली आणि बघता बघता पट्टा भरून निघाला. मग सगळ्या एकदमच बांधावर चढल्या. रीतच ती, मागे राहिलेली पात तशीच ठेवून कोणी बांधावर बसत नाही. रंजनाबाईंनाही ती लहानपणापासून ठाऊक होती, आणि ठाऊक असलेली गोष्ट माणूस जितकी विसरतो तितकी त्या विसरल्या होत्या.

बांधावर बसल्यावर त्यांनी सुकरीला सांगितले. शब्द शक्य तितके मऊ निवडले. पण ते शब्द मऊ व्हायला तयार नव्हते.

सुकरीने हातावरचा चिखल पुसला नाही. “म्हंजे माझी पोर येडी हाय असा अंगठा मी देऊ?”

“साहेबांचं म्हणणं आहे...”

“सायेबाचं ऱ्हाऊ दे. तुझं काय म्हणणं? तू शिकवतस ना तिला? येडी हाय कं ती?”

राही थोड्या अंतरावर पाय धूत होती. तिचे हात थांबले होते.

“नाही,” रंजनाबाई म्हणाल्या. “उशिरा शाळेत आली म्हणून सावकाश वाचते. पण समजून वाचते.”

“मंग तुझं डोकं फिरलं कं, बाय?” सुकरी उठली. “च्या पिऊन जा. अंगठा नाय भेटायचा.”

चहा बिनदुधाचा होता, गवती पात घातलेला. ते कागद रंजनाबाईंनी परत शाळेत नेले आणि चुलीला लावायला स्वयंपाकघरात देऊन टाकले. दारे गेली, हे त्यांना कळत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस होता आणि गोणपाटाआडून मुलींच्या दातांची कडकड त्यांना खोलीपर्यंत ऐकू आली. आपण योग्य केले, या जाणिवेने त्या थंडीत कोणालाही ऊब येणार नव्हती.

चाचणीच्या आदल्या दिवशी त्यांनी मुलांना सांगितले, “भिऊ नका. याचे गुण कोणा एकाला मिळणार नाहीत. पास-नापास नाही. सगळ्यांचं मिळून एकत्र मोजणार.” त्यांना धीर द्यायचा होता. यातून मुले काय अर्थ काढतील, हे त्यांच्या ध्यानी आले नाही.

चाचणी घ्यायला पालघरहून प्रगती नावाची कंत्राटावरची तरुण मुलगी आली. साहेबही आले, स्वतःच्या गाडीने. नववीचा वर्ग पूर्ण भरलेला पाहून त्यांचा चेहरा उतरला. “सगळीच बसवलीत?” ते दातांआडून म्हणाले. “बरं. भोगा आता.”

पुस्तिका वाटल्या गेल्या. वर्गात पावसाच्या पागोळ्यांचा आणि पेन्सिलींचा आवाज होता. वेळ बराच शिल्लक असताना कान्हा नावाच्या मुलाने पेन्सिल खाली ठेवली, वही मिटावी तशी पुस्तिका मिटली, उठला, आणि थेट राहीच्या बाकाशी जाऊन उकिडवा बसला. मग तिचा प्रश्न घरच्या बोलीत तिला वाचून दाखवू लागला.

“ए! जागेवर बस!” प्रगती ओरडली.

“मॅडम, माझं झालं.”

“झालं तर गप्प बसायचं.”

“पण तिचं ऱ्हायलंय ना.” भोळ्या माणसाला समजावून सांगावे तसे तो म्हणाला. “बाईंनीच सांगितलं, मार्क कोणा एकाचे नाय. आख्ख्या शाळेचे एकत्र. म्हंजे शेत एकच ना?”

तोवर आणखी दोघे-तिघे उठले होते. ज्याचे संपले तो मागे राहिलेल्याकडे जात होता. चोरून नव्हे, कुजबुजत नव्हे. खाचरात बोलतात तशा मोकळ्या आवाजात. राही स्वतःही मान खाली घालून बसली नव्हती. “तू नको लिहू, मी लिहते. तू फकस्त वाच,” असे ती कान्हाला बजावत होती.

रंजनाबाई दारात उभ्या होत्या. त्यांची एक हाक पुरली असती. पण त्यांच्या डोळ्यांपुढे आपलीच लोंबती पात आली आणि त्यांनी हाक मारली नाही. प्रगती रडवेली होऊन साहेबांकडे पाहू लागली.

साहेब मात्र खुलले होते. “असू दे, असू दे,” ते हलकेच म्हणाले. “गटकार्य आहे. तू तिकडं बघू नकोस. पाऊस बघ, किती छान पडतोय.”

आणि ती मुलगी खरोखरच खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

चाचणी संपल्यावर ओसरीवर साहेबांनी रंजनाबाईंपुढे हात जोडले. “मानलं, बाई! मी चार पोरं वगळायला सांगत होतो, तुम्ही अख्खा वर्गच पार केलात. आणि बनाव किती नैसर्गिक! ‘शेत एकच ना?’ कोणी लिहून दिलं त्याला हे? आम्ही इथं नियम शोधत बसलो, आणि खरी गुरू निघालात तुम्ही!”

शिवी दिली असती तर रंजनाबाईंनी ती झेलली असती. पण या माणसाने आपल्याला त्याच्या जातकुळीचे मानावे, खांद्याला खांदा लावून हसावे, याची त्यांना किळस आली. त्या मुलांनी जे केले होते ते त्यांच्या आईबापांच्या रीतीचे होते. या माणसाने ते हातात घेताच त्याला पेढ्याची ओल लागली होती.

“दारं उद्याच पाठवतो,” साहेब म्हणाले.

प्रगती अहवाल घेऊन आली. त्यावर छापलेले होते : सत्र नियमानुसार पार पडले. खाली मुख्याध्यापकांच्या सहीची जागा होती. “ताई, करा ना सही,” ती हळूच म्हणाली. “माझं कंत्राट यांच्याच हातात आहे.”

रंजनाबाईंनी पेन घेतले. सही केली की दारे येणार होती. पण मग निकाल चांगला लागणार, आणि त्या दूरच्या माणसांनी इमारतीविषयी विचारलेल्या प्रश्नाला कागदोपत्री उत्तर मिळणार की उणिवांमुळे कोथळपाड्याला काहीही बाधा येत नाही. राहीला वाचायला काही कमी पडत नाही. कोणी काही द्यायची गरज नाही. त्यांनी छापील ओळ सरळ रेघेने खोडली आणि खाली लिहिले : ‘ज्या मुलांचे लिहून झाले त्यांनी इतरांना मदत केली. हा सामायिक उपक्रम आहे असा त्यांचा समज माझ्या बोलण्यामुळे झाला. कक्षप्रमुखांच्या सांगण्यावरून त्यांना थांबवण्यात आले नाही. मीही थांबवले नाही. या वर्गात वगळण्याजोगे मूल एकही नाही.’ मग सही केली. प्रगतीला त्या म्हणाल्या, “दोष माझ्या नावावर आहे, पोरी. तू फक्त वर पोचव.”

साहेबांचा फोन काही दिवसांनी आला. “तुमची शाळा बाद. मोजलीच गेली नाही. पोरांनी लिहिलेलं सगळं रद्दीत. झालं समाधान? बदली शाळा घेतली मी, तिथले मुख्याध्यापक समजूतदार आहेत. मोकळ्या मनानं खुणा केल्या त्यांनी. तुमची दारं त्यांना दिली.”

“त्यांच्याकडं दारं आहेत, साहेब.”

“मग खिडक्यांना लावतील! तुम्हाला काय करायचंय?”

फोन ठेवून रंजनाबाई मागे टेकल्या. पाठीला ऑफिसच्या दाराची फळी लागली. सागाचे, जुने, घसघशीत दार. वळून त्यांनी त्या दाराकडे पाहिले. याच दाराआड बसून आपण दारांसाठी अर्ज लिहीत होतो. भांडारखोलीला दार होते. शिक्षकांच्या खोलीला होते. स्वतःच्या बिऱ्हाडाच्या न्हाणीला तर आतून कडीसुद्धा होती. साहेबांविषयीची सगळी किळस एकाएकी फिरून त्यांच्याच अंगावर आली.

“जगन सर,” त्यांनी हाक मारली, “पेचकस आहे का?”

सरांनी कारण विचारले नाही. ते पेचकस, हातोडी आणि शेजारच्या वाडीतून मागून आणलेली करवत घेऊन आले. बिजागऱ्यांचे स्क्रू गंजले होते. खोबरेल सोडून, थांबून, पुन्हा पीळ दिला तेव्हा ते हलले. ऑफिसचे दार न्हाणीघराच्या चौकटीपेक्षा उंच निघाले. खालून पट्टी कापावी लागली, पण जमिनीपासून वीतभर जागा मुद्दाम सोडली, म्हणजे लाकूड पाण्यात कुजणार नाही. जुन्या चौकटीत बिजागऱ्यांची खाच बसेना, तेव्हा सरांनी पटाशीने नवी काढली. शेवटचे दार रंजनाबाईंच्या बिऱ्हाडातल्या न्हाणीचे होते. ते काढताना सर घुटमळले.

“बाई, हे तरी ऱ्हाऊ द्या.”

“मला गोणपाट धरायला कोणी तरी मिळेल,” त्या म्हणाल्या. “काढा.”

श्रावण सरत आला तेव्हा साहेब पुन्हा शाळेत आले. चाचणीची पुढची फेरी जाहीर झाली होती, आणि नमुना निवडणाऱ्यांनी चिठ्ठी काढावी तशी कोथळपाड्याची शाळा पुन्हा काढली होती. या वेळी साहेबांनी पेढे आणले होते. ते ऑफिसात शिरले, खुर्चीवर बसले, आणि पावसाची एक तिरपी सर आत येऊन त्यांच्या कागदांवर पसरली. बाहेर ओसरीवर नववीची मुले नाचणीची भाकर खात बसली होती. राही होती, कान्हा होता. पलीकडून न्हाणीघराची कडी लागल्याचा खणखणीत आवाज आला.

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली, आवाज खाली आणला.

“भोयेबाई, जरा दार लावून घ्या. खाजगी बोलायचंय.”

रंजनाबाईंनी रिकाम्या चौकटीकडे पाहिले.

“दार नाही, साहेब,” त्या मुलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या. “बोला. कोणाला वगळायचंय म्हणालात?”